परमुलुखांतील पडून राहिलेलें द्रव्य

आमचा पुतण्या कॅलिफोर्नियांत नोकरीस असतां वारला. पुतसून मुलाला घेऊन पुण्यास परतली. गेल्या वर्षीं तिकडील एका दलालाचें पत्र आलें: तुमच्या पतीचें द्रव्य सरकारांत पडून आहे, दशांश द्याल तर मिळवून देऊं. “काका, सही करूं का?” तिनें विचारलें. आम्ही थांब म्हणालों.

तेथील कायदा असा कीं, बँकेंतील ठेव धन्याची कांहींच हालचाल न होतां ३ वर्षें पडून राहिली, म्हणजे बँकेनें ती राज्याच्या कंट्रोलरकडे भरावी. न उचललेल्या पगारास तर एकच वर्षाची मुदत. मात्र धन्याचा हक्क बुडत नाहीं. मागणीस कालमर्यादा नाहीं, शुल्कही नाहीं. दलालानें शेंकडा १० हून अधिक घेऊं नये असाही निर्बंध आहे; पण जें फुकट मिळतें त्याचा दशांश तरी कां द्यावा?

कंट्रोलरच्या संकेतस्थळावर नांव घातलें, तों कांहींच निघेना! आपल्याकडे मधलें नांव वडिलांचें. बँकेनें तेंच मुलाचें मानलें होतें. नांवें उलटसुलट करून पाहतां दोन नोंदी सांपडल्या.

मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा घरांत होता. जुन्या पत्त्याचा कागद मात्र मिळेना. अखेर तो नातवाच्या जन्मवेळच्या इस्पितळाच्या बिलावर निघाला. तें बिल हातीं घेऊन सूनबाई बराच वेळ बसून राहिली.

अर्ज गेला आहे. तपासास १८० दिवसांपर्यंत लागूं शकतात. आज ९२ वा.