कष्ट सारखे, कागद निराळा

ऊसतोडीला परमुलखात जाणाऱ्या घरातला मी. म्हणून अर्थशास्त्राच्या तासाला ‘स्थलांतर’ शब्द आला की माझे कान टवकारतात. रुमानियन माणसे इटलीत शेतांवर राबतात, म्हाताऱ्यांची सेवा करतात. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, माणसे थायलंडात समुत साखोनच्या मासळी-कारखान्यांत राबतात. कष्ट दोघांचेही, पिळवणूकही दोघांच्या वाट्याला. परंतु १ जानेवारी २००७ रोजी रुमानिया युरोपीय संघात आला. त्यामुळे इटलीतील रुमानियन कामगार मालक बदलू शकतो, नगरपालिकेच्या निवडणुकीत मतही देऊ शकतो. ब्रह्मी कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला. १९७५ च्या थाई कायद्याने त्याला स्वतःची संघटनाही काढता येत नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर परतीची वाटही बिकट झाली.

सुस्थिती आपण मजुरीने मोजतो. मला वाटते, मालकाला ‘नाही’ म्हणण्याच्या मुभेनेही ती मोजावी. मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या माझ्या वडिलांना ती मुभा कधीच नव्हती.