गाडीच्या एसीतली गॅसगळती

मोटारीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद चक्रात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळून तो केबिनमधली उष्णता शोषतो. आर-१३४ए हा सर्रास वापरला जाणारा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो, हा समज चुकीचा आहे. गॅस कमी झाला असेल, तर तो कुठून तरी बाहेर गेला आहे.

घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट पोलादी कवचात कायमचा बंद असतो. बहुतेक गाड्यांत मात्र तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि तिथे सील येते. इंजिन हादरत असल्याने काही पाइप रबरी ठेवावे लागतात. सील आणि रबर यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपणारच. एका हंगामात कूलिंग गेले, तर मात्र ती खरी गळती.

सिग्नलला थांबल्यावर गरम हवा आणि गाडी पळू लागली की थंड, हे गॅस कमी असल्याचे लक्षण असू शकते, पण कंडेन्सरचा पंखा बंद असला तरी नेमके असेच घडते. गेजही फसवतो. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानात जास्त आणि कमी दाबाच्या बाजूंचे दोन्ही काटे साधारण ९५ पीएसआयवर दिसतात, मग आत ३०० ग्रॅम असो की ५००. थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी दाब तापमानावरच ठरतो. एसी चालू करून दोन्ही बाजूंचे दाब कमी आले, तर गॅस कमी असल्याचा संशय बळावतो. खरा आकडा गॅस काढून वजन केल्यावरच कळतो.

शोधाची सुरुवात डोळ्यांनी करावी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस उडून जातो, तेल मागे राहते आणि त्यावर धूळ बसते. रबरी पाइप ॲल्युमिनियमच्या टोकात दाबून बसवलेला असतो, तिथे काळसर, ओलसर कडे दिसले की बोट फिरवून पाहावे. कंडेन्सरवर खडे आदळतात, आणि किनारपट्टीवर खारी हवा त्याच्या पातळ पत्र्याला खाते. गॅस भरण्याच्या तोंडातली छोटी पिन तर हमखास विसरली जाते. साबणाच्या पाण्याचा एक थेंब तिचा निकाल लावतो.

डोळ्यांना न दिसणारी गळती इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर पकडतो. हा गॅस हवेच्या तिपटीहून जड असल्याने डिटेक्टरचे टोक जोडाच्या खालच्या बाजूने, अगदी सावकाश न्यावे. इंजिन आणि पंखे बंद हवेत. कूलिंग कॉइल सर्वांत अवघड, कारण ती पाहायची तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याआधी ब्लोअर बंद ठेवून काही मिनिटांनी, पाणी साचलेले नसल्याची खात्री करून, ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टर धरावा. तेलात मिसळलेला रंग काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळा चमकतो. कॉइलच्या बाबतीत तो कधी ड्रेनच्या पाण्यातही उतरतो.

सिस्टिम पूर्ण रिकामी असेल, तर कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून भरून फेस लावावा. टायरची हवा भरू नये. तिच्यातला ओलावा तेल बिघडवतो, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटूही शकतो. पंपाने हवा ओढून काढल्यावर व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असेही नाही. व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम एका वातावरणाचा आणि तोही आतल्या दिशेने. चालू एसीत दाब कित्येक पट आणि बाहेरच्या दिशेने असतो.

गळती न शोधता गॅस भरत राहणे खिशाला महाग आणि हवेला त्याहून महाग. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. म्हणजे ५०० ग्रॅम गॅस सोडणे हे साधारण ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे. गळती बुजवणारी रसायनेही टाळावीत. ती व्हॉल्व्ह आणि गॅस काढण्याचे यंत्र दोन्ही चोंदवू शकतात.

दुरुस्तीत ओ-रिंग नवी, कंपनीने सांगितलेल्या तेलात बुडवून बसवावी. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल, तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलावा. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतला ओलावा वाफ होऊन निघतो. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस काट्यावर मोजून भरावा आणि दोन्ही तोंडांची टोपणे वायसरसकट घट्ट बसवावीत.