नळ्यांच्या ऑर्गनचे स्थलांतर

इंग्लंडातील जी चर्चे उपासकांच्या अभावी बंद पडली, त्यांतील व्हिक्टोरियाकालीन लहान ऑर्गनांपैकी कित्येक आज हॉलंड-जर्मनीतील चर्चांत पुन्हा वाजत आहेत; वाद्याची किंमत बहुधा नाममात्र, परंतु त्याच्या पुनर्रचनेचा खर्च चर्चच्या तिजोरीची परीक्षा पाहणारा असतो. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन पितळी पट्ट्यांच्या कंपनाने बोलतो. हा बोलतो तो नळ्यांतून, आणि अवघ्या पाच स्वरपंक्तींच्या वाद्यातही अडीचशेच्या आसपास नळ्या निघतात.

प्रत्येक नळीवर स्वराची खूण कोरलेली असते, म्हणून प्रथम जिन्नसवार यादी. कथील व शिसे यांच्या मिश्रणाची नळी इतकी मऊ, की बोटाचा दाब अधिक पडला तरी तिचे मुख वाकडे व्हावे, आणि मुख बिघडले की स्वर बिघडलाच. यास्तव त्या कागदात गुंडाळून, खोक्यांत आडव्या निजवून नेतात. वायुपेटीच्या भेगा बुजवणे, भात्याचे जीर्ण कातडे बदलणे, ही पुढची दगदग. छत ठेंगणे असल्यास आठ फुटी खर्जाची नळी कापून, कोपरासारखी वळवून डाखतात. आतील वायुस्तंभाची लांबी राखली, की स्वर ढळत नाही.

खरे कौशल्य यापुढचे. दगडी कमानींखाली गंभीर वाटणारा नाद लहान दालनात कर्कश होतो. तेव्हा एक कारागीर पट्टी दाबून धरतो आणि दुसरा नळीच्या पायाचे छिद्र किंचित कमीजास्त करून तिचा आवाज बांधतो. सूर मात्र शेवटी लावावयाचा, आणि तोही उपासनेच्या वेळी असते तेवढीच ऊब राखून, कारण हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो.