डोक्यांतील कळ : क्षणिक आणि चिरकालीन

वैशाखांत कामठीच्या छावणीपासून कन्हानच्या पात्रापर्यंत ऊन तापूं लागलें, कीं प्रत्येक डोकेदुखीचें खापर उन्हावर फुटतें. परंतु सुरी खुपसावी तशी येऊन बहुधा तीन सेकंदांच्या आंत विरणारी कळ निराळीच. १९८० सालीं रास्किन व श्वार्ट्झ या वैद्यकशास्त्रज्ञांनीं तिला बर्फ फोडण्याच्या टोच्याची उपमा दिली.

पुष्कळांस ती कांहीं दिवस वा आठवडे अधूनमधून येते व आपोआप थांबते. तिला औषध लागत नाहीं. कित्येकांस मात्र ती महिनोन्‌महिने जवळजवळ रोज छळते. येथें चिरकालीन असतो तो कळांचा क्रम; प्रत्येक कळ क्षणाचीच. अशा वेळीं इंडोमेथासिन अनेकांस गुण देतें, सर्वांस नव्हे. शिवाय तें जठरास बाधूं शकतें, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

कळ सदैव एकाच जागीं येणें, तिच्यासवें डोळा लाल होऊन पाणी वाहणें, दृष्टि मंदावणें किंवा पन्नाशीनंतर ती प्रथमच उद्भवणें, यांपैकीं कांहींहि आढळल्यास तपासणी अवश्य करावी. क्षणिक कळेनें घाबरूं नये. पण या खुणा दिसत असतां उन्हास बोल लावून स्वस्थहि बसूं नये.