ध्वनिसंचाच्या ‘सुधारणा’ : समज, गैरसमज आणि परीक्षण

प्रस्तावना

घरी बसून उत्तम संगीत ऐकता यावे ही रसिकांची स्वाभाविक इच्छा असते. ग्रामोफोनपासून सीडीपर्यंत आणि सीडीपासून इंटरनेटपर्यंत साधने बदलत गेली, तरी ही इच्छा कायम राहिली. तिच्याच आधारे ध्वनिसंचाच्या तथाकथित सुधारणांची एक बाजारपेठ जगभर उभी राहिली आहे. अतिमहाग स्पीकर केबल, खास वीजजोडणीच्या तारा, केबल जमिनीला टेकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे, सीडीच्या कडेला लावायची हिरवी शाई अशा अनेक उपायांनी आवाज ‘उजळतो’ किंवा ‘मोकळा होतो’ असे सांगितले जाते. हे दावे करणारे सर्वच लोक फसवणूक करीत असतात असे नाही. अनेकांना तो फरक खरोखर जाणवलेला असतो. म्हणूनच हा विषय केवळ भौतिकशास्त्राचा राहत नाही, तर मानसशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचाही होतो. जाणवलेला फरक आणि त्याचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या कशा कराव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

तारेचे गणित

अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेचा मुख्य गुणधर्म म्हणजे तिचा रोध. तो धातूची रोधकता, तारेची लांबी आणि तिची जाडी यांवर अवलंबून असतो. स्पीकर ५ मीटर अंतरावर असल्यास जाण्यायेण्याची एकूण लांबी १० मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध या लांबीला सुमारे ०.०६७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत तो एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे आवाजाच्या पातळीत होणारी घट सुमारे ०.०७ डेसिबल इतकीच असते. तार फार बारीक, म्हणजे ०.५ चौरस मिलिमीटरची असल्यास हीच घट सुमारे ०.३६ डेसिबल होते. याचा अर्थ असा, की तारेच्या जाडीला महत्त्व आहे, परंतु पुरेशी जाडी मिळाल्यानंतर किमतीला नाही. चांदीची रोधकता तांब्याहून थोडीच कमी असते. तो लाभ तांब्याची तार किंचित जाड घेऊनही मिळवता येतो.

वीजजोडणीच्या महागड्या तारेचा दावा याहून दुबळा आहे. वीज कित्येक किलोमीटर साध्या वाहिन्यांतून घरापर्यंत येते. शेवटच्या एका मीटरने तिचे स्वरूप पालटण्याचे कारण नाही. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिचे आधी एकदिश प्रवाहात रूपांतर होते. सदोष अर्थिंगमुळे ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते हे खरे. पण तिचा उपाय जोडणी दुरुस्त करणे हा आहे.

हिरव्या शाईची सीडी

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनी अंकांच्या रूपाने साठवलेला असतो. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट अशी ही रचना आहे. कडेला हिरवी शाई लावल्याने भरकटलेला लेझर प्रकाश शोषला जातो, असा समज १९९० च्या सुमारास पसरला. परंतु सीडीच्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर म्हणजे अवरक्त विभागातील असते. डोळ्यांना हिरवी दिसणारी शाई अवरक्त प्रकाशही शोषून घेईल असे गृहीत धरता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीडीमध्ये दोषदुरुस्तीची सोय असते. मार्गावरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग खराबीही तिच्यामुळे पूर्णपणे भरून निघते. वाचलेले अंक अचूक असतील, तर त्यांना आणखी अचूक करणे शक्य नसते.

कान, डोळा आणि अपेक्षा

असे असतानाही फरक जाणवतो तो का? पहिले कारण अपेक्षेचे आहे. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी श्रोत्यांकडून तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून तपासून घेतले. स्पीकर दिसत असताना श्रोत्यांचे गुणांकन बदलले. इतकेच नव्हे, तर स्पीकरच्या जागेमुळे पडणारा खरा फरकही त्यांच्या कमी लक्षात आला. दुसरे कारण पातळीचे आहे. दोन ध्वनींपैकी किंचित मोठा असलेला ध्वनी ‘मोठा’ न वाटता ‘सरस’ वाटतो. तिसरे कारण स्मृतीचे आहे. केबल बदलण्यास काही मिनिटे लागतात, आणि ध्वनीच्या सूक्ष्म छटांची स्मृती तितका वेळ टिकत नाही.

द्विअंध चाचणी

यावरील उपाय म्हणजे द्विअंध चाचणी. ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन साधने श्रोत्याला ऐकवली जातात. नंतर ‘क्ष’ ऐकवून तो यांपैकी कोणता हे विचारले जाते. उत्तर श्रोत्याला किंवा चाचणी घेणाऱ्याला आधी ठाऊक नसते. दोन्हींची पातळी सुमारे ०.१ डेसिबलच्या आत जुळवणे आवश्यक असते. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के आहे. म्हणून तेवढे यश मिळाल्यास दाव्याची दखल घ्यावी लागते.

या पद्धतीचा एक बोलका दाखला २००७ चा आहे. मायर आणि मोरन यांनी उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जातून नेलेले ध्वनिमुद्रण यांची तुलना करविली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. निव्वळ अंदाजाने २७७ अपेक्षित होती. मात्र २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. ही पद्धत शौकिनांच्या विरोधात नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. फरक लहान पण खरा असेल, तर तोही तिच्यातून बाहेर येतो.

खरा फरक कोठे आहे?

स्पीकर, त्यांची जागा आणि खोली या तीन घटकांमुळे पडणारा फरक मात्र सहज मोजता येतो. ३.६ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४८ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज काही जागी घुमतो, तर काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. सिमेंटच्या भिंती आणि फरशी असलेल्या आपल्याकडील खोल्यांत निनादही बराच असतो. जाड पडदे, सतरंजी, गादी किंवा पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी उच्च व मध्यम वारंवारतांचा निनाद कमी होतो. खर्जासाठी स्पीकर आणि बैठक हलवून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या सभागृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी तेथे दुसऱ्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या आणून मांडल्या, त्यांची संख्या बदलत मोजमापे घेतली आणि निनादाचा नियम शोधला. ज्या महाविद्यालयांच्या सभागृहांत नवे स्पीकर बसवूनही वक्त्याचे शब्द कळत नाहीत, त्यांनी हा धडा आवर्जून लक्षात घ्यावा.

निष्कर्ष

जाणवलेला अनुभव खोटा नसतो. त्याला जोडलेले कारण खोटे असू शकते. महागड्या तारेवर विश्वास ठेवणारी व्यक्ती अडाणी नसते. अनेकदा ती उच्चशिक्षितच असते. म्हणून केवळ माहिती पुरेशी नाही, परीक्षणाची सवय हवी. दोन तारा, एक पडदा आणि नाणेफेक एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग वर्गात करून दाखवता येतो. नियंत्रित तुलना, योगायोगाची शक्यता आणि पूर्वग्रह या तिन्ही संकल्पना विद्यार्थ्यांना त्यातून एकाच वेळी उमगतात. औषध, खत किंवा अध्यापनाची नवी पद्धत यांबाबतचे दावे तपासतानाही त्यांना हीच दृष्टी उपयोगी पडेल.