लॅपटॉप घरच्याच वाय-फायवर आहे ना?

कॉलेज प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मुलीची ऑनलाइन शिकवणी, आखातात नोकरीला असलेल्या अब्बांशी रात्रीचं व्हिडिओवरचं बोलणं. आपल्या घरांत लॅपटॉप बहुधा एकच असतो आणि त्यावर हक्क सगळ्यांचा. अशा वेळी फॉर्म भरता भरता पडद्यावर चक्र फिरत राहिलं की आपण म्हणतो, ‘नेट गेलं’. पण पुष्कळदा नेट शाबूत असतं. लॅपटॉपच दुसऱ्याच्या वाय-फायवर जाऊन बसलेला असतो.

लॅपटॉप एकदा ज्या वाय-फायला जोडला, त्याचं नाव आणि पासवर्ड तो साठवून ठेवतो. आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे त्याला कळत नाही. फक्त ओळखीचं काय, ते कळतं. अडचणीच्या वेळी शेजाऱ्यांनी दिलेला पासवर्ड, भाईजानच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, स्टेशनवरचं मोफत वाय-फाय, सगळं त्याच्या यादीत असतं.

आपल्याकडे याला निमित्त होतं ते वीज जाण्याचं. वीज गेली की राउटर बंद पडतो. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू राहतो आणि आसपास सापडेल त्या ओळखीच्या नेटवर्कला जोडला जातो. वीज आली, राउटर सुरू झाला, तरी चालू असलेली जोडणी सोडून तो सहसा आपणहून परत येत नाही. मग भाईजानचा मोबाइल डेटा दुपारपर्यंत संपतो आणि घरचा प्रिंटर सापडत नाही, कारण लॅपटॉप आणि वाय-फाय प्रिंटर एकाच नेटवर्कवर असावे लागतात.

उपाय सोपा आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वाय-फाय’ आणि पुढे ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’वर जावं. तिथे साठवलेल्या नावांची यादी दिसते. जे नेटवर्क पुन्हा लागणार नाही, त्यासमोरचं ‘फर्गेट’ दाबावं. हॉटस्पॉटसारखं अधूनमधून लागणारं असेल, तर त्या नावावर क्लिक करून ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ची खूण काढावी. म्हणजे आपण सांगू तेव्हाच लॅपटॉप त्याला जोडला जाईल. घरच्या वाय-फायची खूण मात्र तशीच ठेवावी.

घरच्याच राउटरची दोन नावं दिसत असतील आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ असेल, तर ते मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. ती ५ गिगाहर्ट्झची लहर. तिचा वेग जास्त, पण भिंती ओलांडताना ती लवकर क्षीण होते. राउटरच्या खोलीत ती वापरावी. आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क जास्त टिकतं.

बिनपासवर्डच्या वाय-फायची नावं तर यादीतून आधी काढावीत. तेच नाव देऊन कुणीही दुसरं नेटवर्क सुरू करू शकतो आणि लॅपटॉप ते ओळखीचं समजून जोडला जातो. बँकेचं काम किंवा आधारची कागदपत्रं पाठवणं अशा जोडणीवर नकोच.

राउटर नवा आला की त्याचं मूळ नाव आणि पासवर्ड बदलून घ्यावा. एकाच कंपनीचे राउटर इमारतीत अनेक असले की नावं सारखीच दिसतात आणि गोंधळ होतो. नवं नाव सहज ओळखता येईल असं असावं, पण त्यात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको. पासवर्ड लांब ठेवावा आणि अम्मीलाही सापडेल अशा ठिकाणी वहीत लिहून ठेवावा.

घरातल्या प्रत्येकाला एक सवय लावू या: महत्त्वाचं काम सुरू करण्याआधी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर जाऊन नाव वाचायचं. अर्जाच्या शेवटच्या तारखेला आणि वीज येऊन-जाऊन असेल त्या दिवशी तर नक्कीच.