मुरघासाची वेळ दाण्याला विचारा

मक्याचं शेत हिरवंगार दिसलं की मुरघासासाठी हात शिवशिवतात. पण त्या हिरवेपणात पाणीच फार. तुऱ्यावरच्या मक्यात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. असा मका खड्ड्यात दाबला की तळातून रस पाझरतो आणि आंबवणाला लागणारी साखरही त्यासोबत जाते. मग लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंऐवजी ब्युटिरिक आम्लवाल्यांचं फावतं. त्या मुरघासाला असा कुबट वास सुटतो, की गाय तोंड फिरवते.

मग पीक जून होऊ द्यावं? गवताच्या बाबतीत नक्कीच नाही. नेपियर जून होत जातं तसं त्याच्या ताटात लिग्निन भरतं. ते सेल्युलोजला असं जखडून ठेवतं, की गाईच्या कोठीपोटातल्या जिवाणूंची तिथे डाळ शिजत नाही. मक्याचं ताटही असंच निबर होतं, पण त्याच दिवसांत कणसात स्टार्च साठत असतो. ताटाचा तोटा कणीस भरून काढतं, म्हणून अख्ख्या झाडाची पचनीयता बराच काळ टिकते. (कणसं विकून नुसत्या ताटांचा मुरघास करणारे नेमकी ही भरपाईच बाजारात देऊन येतात.)

मक्याच्या कापणीची वेळ ठरवायला शेताच्या आत शिरून एक कणीस मधोमध मोडा. दाण्याचं वरचं टोक पिवळं आणि टणक, गाभ्याकडची बाजू चिकाची, मध्ये एक रेषा. दाणा पिकतो तशी ती गाभ्याकडे सरकते. निम्मं ते दोन-तृतीयांश अंतर उतरली, की झाडातला शुष्क पदार्थ साधारण ३० ते ३५ टक्के असतो. वाणानुसार यात फरक पडतो, म्हणून थोडी कुट्टी मुठीत घट्ट आवळून पाहावी. पाणी ठिबकलं तर थांबा. मूठ उघडताच कुट्टी भुरभुर सुटली तर उशीर झालाय.

उशिराच्या मक्याची कुट्टी नीट दबत नाही, हवा अडकते, बुरशी येते. टणक दाणे न फुटता शेणातून तसेच बाहेर पडतात. अशा वेळी कुट्टी बारीक करावी, दाणा फुटलाच पाहिजे. दाण्यातल्या स्टार्चभोवती प्रथिनांचं वेष्टन असतं. खड्ड्यात मुरताना ते हळूहळू सैल होतं. म्हणून काही महिने मुरल्यावर त्याच मुरघासातला स्टार्च गाईला ताज्यापेक्षा जास्त पचतो. खड्डा उघडण्याची घाई करू नये ती यासाठी.